चाळीस नंबरचा नमुना

जी गोष्ट सांगताना बायका तोंडावर पदर घेतात, ती सिस्टर मारेगावच्या एसटी स्टँडवर उभ्या राहून खणखणीत आवाजात बोलायच्या. समोरून ओळखीची बाई आली की ख्यालीखुशाली नंतर, आधी प्रश्न. "काय वं, पांढरं जानं थांबलं का तुयं?" त्या बाईशेजारी तिचा नवरा असो, दीर असो नाहीतर तिकीट फाडणारा कंडक्टर असो, सिस्टरना काही फरक पडत नसे. बाई बिचारी मेल्याहून मेली व्हायची. पहिल्या दिवशी तर मीच त्यांच्यापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिले, जसं काही मी यांना ओळखतच नाही. मग सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाक वाह्यलं तं सांगता, कान वाह्यला तं सांगता, मंग हेच काहून लपवता?" मी मान हलवली आणि बसची पाटी वाचू लागले.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. उभा जन्म आसपासच्या उपकेंद्रांत गेला होता, तालुक्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातात जन्मलेली. नाव होतं, नाही असं नाही, पण ते कुणी घेत नव्हतं. लहानथोर सगळ्यांना त्या सिस्टर. निवृत्तीनंतर मारेगावात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. भिंतीवर बुद्धाचा एक फोटो, बाबासाहेबांचा एक, आणि खाली स्टुलावर जुना ब्लडप्रेशरचा डबा. मी दारव्ह्याची, जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, आणि आयुष्यात एकही बाळंतीण जवळून न पाहिलेली. आम्हा दोघींना एकाच कामावर एकत्र घातलं, आणि ज्यानं घातलं त्याला बहुतेक गंमत पाहायची असावी.

काम असं होतं. अंगावरून पांढरं जातं, त्याला घाण वास येतो, तो एक साधा आणि फार बायकांना होणारा दोष आहे. तिथले चांगले जंतू कमी होतात आणि भलतेच माजतात. डॉक्टर त्याला बीव्ही म्हणतात. आम्ही तो दोष असलेल्या बायकांचा स्राव कापसाच्या काडीवर घ्यायचा, सात दिवस गोळ्या द्यायच्या, महिन्यानं पुन्हा स्राव घ्यायचा. कापसाच्या जिल्ह्यात कापसाच्या काड्या नागपूरहून यायच्या, हे सिस्टरना फार लागायचं. मग नळ्या बर्फाच्या डब्यातून नागपूरला जात, आणि तिथल्या मॅडम त्यातली प्रथिनं मोजत. आजारात कोणती वाढली, कोणती घटली, औषधानंतर कोणती पूर्वपदावर आली, एवढंच शोधायचं होतं.

एवढंच म्हणते खरी, पण मला त्यातलं कधी धड कळलं नाही. काही प्रथिनं राखणीला बसल्यासारखी असतात, जंतूंना आणि सुजेला आवर घालतात. ती आजारात घटतात. काही सुजेसोबत वाढतात. गोळ्या संपल्या की राखणदार परत यावेत, असा आमचा हिशेब. पण कुणाच्यात यायचे, कुणाच्यात अर्धेच यायचे. एखादी बाई म्हणायची मी ठणठणीत, आणि तिचा तक्ता अजून आजारीच दिसायचा. मी सिस्टरना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग ती बरी झाली की नाही झाली? मी म्हटलं, तेच तर शोधतोय. त्या म्हणाल्या, "तुमचं झालं का मंग सांगजो, तवरीक मी बाईलेच इचारते." मला राग आला, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे की काय अशी शंकाही आली. त्या वर्षभर माझं असंच चाललं होतं.

तपासणीच्या टेबलावर बाई आडवी झाली की सिस्टर डाव्या हातानं तिचं पाऊल धरायच्या. घट्ट नाही, नुसतं धरायच्या. उजव्या हातानं काम चाललेलं असे आणि तोंडानं भलत्याच गप्पा, भाव काय निघाला, निंदणाला बाया मिळतात का, जावेची पोरगी कितवीला गेली. बाई उत्तर देता देता काम उरकलेलं असायचं. मी एकदा नियमावर बोट ठेवून म्हटलं की तपासणीच्या वेळी रुग्णाशी इतर विषय बोलू नयेत असं लिहिलंय. सिस्टर म्हणाल्या, लिहिणाराले एकडाव या टेबलावर झोपव. मी तो नियम पुन्हा काढला नाही.

आमचा पहिला मोठा घोटाळा आंघोळीनं केला. सुरुवातीच्या नमुन्यांत प्रथिनं इतकी कमी निघाली की मॅडमनी फोनवर मला विचारलं, तुम्ही काड्या पाण्यात बुडवून पाठवता का? मी रडकुंडीला आले. काड्या बदलल्या, बर्फ बदलला, डबा बदलला. आठ दिवसांनी सिस्टरनी छडा लावला. आपल्याकडे नर्सबाईपुढे कुणी पारोसं जात नाही. तपासायला जायचं म्हणून बाया पहाटे उठून, तुरटीच्या पाण्यानं, साबणानं आतून-बाहेरून लख्ख धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून यायच्या. आम्हाला जे हवं होतं ते न्हाणीत वाहून गेलेलं असायचं. मग सिस्टर गावोगाव सांगत फिरल्या की तपासणीच्या दिवशी आंघोळ करायची नाही, वावरातून थेट यायचं. बायांना वाटलं सिस्टर म्हातारपणी बिघडल्या. एका आजीनं तर त्यांचं कपाळ चाचपून ताप पाहिला. पण आल्या सगळ्या, तशाच आल्या, कारण सांगणाऱ्या सिस्टर होत्या. मी सांगितलं असतं तर एक आली नसती.

कविता आली ती अशीच, पऱ्हाटीत, कापसाच्या वावरात राबून थेट. तिचं नाव कविता नाही, पण इथे तेच म्हणते. चोवीस वर्षांची, मारेगावजवळ माहेर, राळेगावकडे सासर. सासरी कापूस-सोयाबीनची चांगली शेती. मुलगी झाल्यावर तिला हा त्रास सुरू झाला, वास येऊ लागला. सासूनं पहिल्यांदा नाक मुरडलं, मग भांडी वेगळी केली, आणि शेवटी म्हणाली की घरंदाज बाईला असला रोग होत नाही, हे बाहेरून आणलेलं आहे. नवरा खाली मान घालून बसला. कविताला माहेरी धाडलं आणि अडीच वर्षांची पोरगी ठेवून घेतली. कविता रोज फोन करायची. आधी पोरगी फोनवर आई-आई करायची, मग नुसती ऐकायची, आणि आमच्याकडे आली तोपर्यंत फोनवर यायचीच बंद झाली होती. हे सांगताना ती रडली नाही. सिस्टरनी तिचं पाऊल धरलं होतं आणि त्या दिवशी तोंडानं काही बोलत नव्हत्या.

सिस्टर स्वतः बसनं राळेगावला गेल्या, सासूपुढे बसल्या. हा दोष वाईट चालीनं होतो असं नाही, चांगल्या-चांगल्या घरच्या बायांना होतो, सात दिवसांच्या गोळ्यांचं काम आहे, असं सगळं समजावून आल्या. सासूनं चहा पाजला, ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. तपासणीचा कागद दाखवा, सून निरोगी आहे असा. दसऱ्याच्या आधी कागद आला तर दीर जाऊन तिला घेऊन येईल. नाही आला तर फारकत. पोरगी आमची आमच्याकडे राहील.

कविताच्या पहिल्या नळीवर मी लिहिलं चाळीस-अ. पुस्तकातलं चित्र असावं तसा नमुना होता. काचेवर कडा कुरतडल्यासारख्या पेशी, त्यांवर जंतूंची दाटी, आम्लता मोजायच्या पट्टीचा रंग चढलेला. गोळ्या दिल्या. वास गेला. दुसऱ्या नमुन्याची तारीख दसऱ्याच्या चार दिवस आधी येत होती, सगळं कसं जुळून आल्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी मला नागपूरला जाणारे डबे पोचवायला यवतमाळला जावं लागलं, म्हणून नमुना एकट्या सिस्टरनी घेतला.

दुसऱ्या दिवशी मी चाळीस-ब काचेवर पाहिला. कुरतडलेल्या पेशी नाहीत, जंतूंची दाटी नाही. पण जसं दिसायला हवं तसंही काही दिसत नव्हतं. लहान लहान गोल पेशी, चांगले जंतूही जवळपास नाहीत, आणि मध्येमध्ये लाल रक्तपेशी. मी पुस्तक उघडलं, बंद केलं, परत उघडलं. शेवटी स्वतःची समजूत घातली की पाळी जवळ आली असेल. अर्जावर तसं लिहिलं, आणि कागदावर लिहिलं, दोष आढळला नाही. तो कागद सिस्टरनी माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये टाकला. दसऱ्याला कविता सासरी गेली. मला वाटलं, चला, इतक्या नळ्या भरल्या त्यात एक तरी कुणाच्या कामी आली.

थंडी पडल्यावर नागपूरहून तक्ते आले, आणि चाळीस नंबरनं माझी झोप उडवली. चाळीस-ब मधली प्रथिनं आजारी बाईसारखी नव्हती, बऱ्या झालेल्या बाईसारखी नव्हती, आमच्या कुठल्याच बाईसारखी नव्हती. आणि रक्तातली प्रथिनं भरमसाट. मॅडम म्हणाल्या, नळ्यांची अदलाबदल झालीये, शोधा. मी सगळ्या नोंदी तपासल्या. मग मला वाटलं आपणच काहीतरी नवीन शोधलंय, एक दिवस मी त्या आनंदात होते. मग वाटलं आपली नोकरी जाणार. सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं, तू शिकेल हायेस." आणि विषय बदलला. सिस्टरनी विषय बदलला याचं मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

अखेर नागपुरातल्या एका अनुभवी डॉक्टरबाईंनी ती काच पाहिली आणि मॅडमना सांगितलं की अर्जावर वय चुकीचं लिहिलंय, ही चोवीस वर्षांची बाई नव्हे. हिची पाळी जाऊन वर्षं झालीत. मॅडमनी मला तसं फोनवर ऐकवलं. मी तक्ता पिशवीत घातला आणि तडक सिस्टरांचं घर गाठलं.

त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी उभ्या-उभ्याच विचारलं, चाळीस-ब कोणाचा? त्यांनी शेंग सोलून दाणे टोपल्यात टाकले आणि म्हणाल्या, "माया सोताचा." एवढं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं, त्यामुळे पुढचं भांडण मला सुचेना. मी खाली बसले. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी कविता आली तेव्हाच दारातून त्यांना वास आला. दोष परत आला होता. येतो तो असा, पुष्कळ जणींना पुन्हा येतो, पुन्हा गोळ्या द्याव्या लागतात. पण दसरा चार दिवसांवर होता. सासूला पुन्हा समजावायला वेळ नव्हता आणि सासू समजणारी नव्हती. सिस्टरनी कविताला पुन्हा गोळ्या दिल्या, नियमानं द्यायच्या तशाच, आणि काडी आत जाऊन स्वतःची घेतली. गोळ्या पुऱ्या झाल्या आणि कविता बरी झाली, त्यांनी फोन करून विचारलं होतं.

मी खूप बोलले. संशोधन म्हणजे काय, खोटा नमुना म्हणजे काय, माझी नोकरी, मॅडमचा विश्वास, सगळं बोलले. बोलताना मला हेही कळत होतं की त्या कागदावर लिहिलेलं खोटं होतं आणि सिस्टरनी सासूला तोंडी सांगितलेलं सगळं खरं होतं, आणि सासूनं खरं मानलं नव्हतं. मग मी नक्की कशावर चिडले होते? सिस्टर शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "मॅडमले खरं लिही. मायं नाव लिही. नमुना फेकून दे. पन तो कागद वापस मांगू नको, पोरी. लेकरू ओळख विसरून राह्यलं होतं मायची." मी उठले. त्यांनी सोललेले दाणे कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकले, मी नको म्हणत असताना.

परतीच्या बसमध्ये मी तक्ता काढून मांडीवर घेतला, मॅडमना काय लिहायचं ते ठरवायला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोपर्यंत मी फक्त नमुना कोणाचा एवढंच शोधत होते. तो सिस्टरांचा असेल तर त्यातलं रक्तही सिस्टरांचं होतं. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईचं. हे मी तीन आठवडे रोज पाहत होते, त्याला चूक म्हणत होते, शोध म्हणत होते. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि मिळेल त्या जीपनं मागे गेले.

सिस्टरना मी पुन्हा दारात पाहून बरं वाटलं असावं, त्यांनी चहा ठेवायला घेतला. मी विचारलं, कधीपासून? कशाबद्दल विचारते हे त्यांनी विचारलं नाही. पोळ्यापासून, म्हणाल्या. मला संताप आला, रडू आलं, दोन्ही एकदम. साऱ्या तालुक्याला भर रस्त्यात विचारणारी बाई, आणि स्वतःचं पाच महिने कुणाला सांगितलं नाही. मी तेच ओरडले. त्यांनी स्टोव्ह बारीक केला. "मले कोन पाहीन वं? साऱ्या दवाखान्यातल्या पोरी माया हाताखालच्या. त्याइच्या पुढं कशी झोपू?" असं म्हणून त्यांनी चहात साखर घातली, आणि विसरून आणखी एकदा घातली. तो चहा आम्ही दोघींनी तसाच प्यायला.

मी त्यांना नागपूरला नेलं, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. टेबलावर त्या आडव्या झाल्या तेव्हा मला बाहेर थांबायला सांगितलं. मी नाही थांबले. काय करावं ते कळेना, म्हणून त्यांचं पाऊल धरलं. ते गार होतं. तुकडा तपासायला काढला, छोट्या बाटलीत घातला, आणि तिथल्या बाईनं चिठ्ठी माझ्याकडे दिली, नाव-वय लिहा म्हणून. मी लिहू लागले तर सिस्टर टेबलावरूनच म्हणाल्या, "वय एकसष्ट लिही बरं. नाईतं तुह्या मॅडम अजून चक्रावतीन." ती नर्सबाई माझ्याकडे पाहायला लागली, कारण मी हसत होते आणि माझ्याच्यानं अक्षर काढवत नव्हतं.

गर्भपिशवीचा कॅन्सर होता आणि बराच पसरला होता. पोळ्यालाच आल्या असत्या तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी सांगितलंही, पण ते मला लिहायचं नाही. मॅडमना मी खरं लिहिलं, नावानिशी. त्यांनी चाळीस नंबरचे दोन्ही नमुने काढून टाकले. सिस्टरना कामावरून काढायचं पत्रही तयार झालं होतं, पण त्यांची परिस्थिती कळल्यावर ते आलं नाही. मॅडमनी एक विचारलं, त्या बाईला निकालाचा कागद दिला होता का? मी म्हटलं, आठवत नाही. मला चांगलं आठवत होतं.

सिस्टर पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, बाया अंगणात, रस्त्यावर, समोरच्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. कविता आली होती. कडेवर पोरगी, आणि सोबत तिची सासू. पोरगी आईच्या गळ्यातून हात काढायला तयार नव्हती, चप्पल काढायला खाली ठेवलं तरी लगेच चढली. सासू माझ्याजवळ येऊन बसली. मी कोण ते तिला कवितानं सांगितलं असावं.

ती सिस्टरांच्या फोटोकडे पाहत होती. मग मला म्हणाली, "मी लय हट्टी बाई हाय, कोनाचं आयकत नाई. पन या बाईनं कागद आनून देल्ला, मी मानलं. मले पाहूनच समजलं होतं, ही बाई खोटं बोलनारी नोहे."

कविता खाली पाहत होती. पोरगी तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. मी म्हटलं, "नाही, कधीच नाही बोलल्या."